साडूच्या गाडीचा रंग

तर धाकटा गेला होता गेटाला रंग मारायला. नुसतं गेट. लोखंडी, दोन दारांचं, गंजाचे पापुद्रे सुटलेलं. गाड्या रंगवणारा माणूस खरं तर कुणाच्या गेटाला ब्रश लावत नाही, पण त्या आठवड्यात त्याच्या शेडमध्ये एकही गाडी नव्हती आणि बायको म्हणाली होती, "घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा जा तिकडे, बाईंनी दोनदा निरोप पाठवलाय."

आता धाकटा म्हणजे धाकटा जावई. अख्खी गल्ली त्याला तेच म्हणते, कारण थोरला जावईही त्याच गल्लीत राहतो. दोघं साडू. थोरल्याचं इंजिनचं गॅरेज कोपऱ्यावर, रस्त्याला तोंड करून, आणि धाकट्याची रंगाची शेड त्याच्या मागे, पाठीला पाठ लावून. बंद पडलेली गाडी आधी थोरल्याकडे जाते. तो बॉनेट उघडतो, कान लावतो, दोन बोटांनी काहीतरी फिरवतो आणि गाडी गुरगुरायला लागते, की लोक त्याचा हात हातात घेऊन सोडत नाहीत. मग तीच गाडी मागच्या दाराने धाकट्याकडे येते, "जरा ह्या कोपऱ्याला रंग लाव" म्हणून. त्याचा हात कुणी हातात घेत नाही. घेतला तर रंग लागेल ना.

सासूबाईंच्या घरी तर विचारूच नका. नळ गळतोय, थोरल्याला बोलवा. मिक्सर अडकला, थोरल्याला बोलवा. एकदा धाकटा समोर बसलेला असताना घड्याळ बंद पडलं, तो म्हणाला, "आई, मी बघू का?" तर सासूबाई म्हणाल्या, "तू कशाला त्रास घेतोस, रंगाचं काही असलं की सांगते ना." बिचाऱ्या मायेनेच म्हणाल्या. पण धाकट्याच्या पोटात ते वाक्य दोन वर्षं तसंच बसलेलं होतं, न पचलेलं.

असो. तर गेट.

गेट टायपिंगच्या बाईंचं. गल्लीतल्या निम्म्या लोकांना बाईंनी टायपिंग शिकवलं होतं. आता क्लास बंद, मशिनं पुढच्या खोलीत रेक्झिनच्या टोप्या घालून ओळीने बसलेली, आणि बाई एकट्या, ताठ, ऐंशीच्या आसपासच्या, पण समोरचा वाकून बसला की अजूनही म्हणणार, "मनगटं वर." धाकट्याने गेट घासलं, प्रायमर लावला, आणि ते वाळेपर्यंत ब्रश धुवायला पाणी हवं म्हणून मागच्या अंगणात गेला. तिथे एक पत्र्याची शेड. तिच्यावर वेल इतका चढलेला, की शेड त्या वेलानेच उभी धरलेली असावी. पुढे फळ्या, तुटकं कपाट, कुंड्या. आणि त्या सगळ्याच्या मागे, जमिनीपासून जेमतेम गुडघाभर उंचीवर, एक गोल दिवा.

धाकट्याने ब्रश पाण्यातच सोडला.

फळ्या बाजूला केल्या, कपाट ढकललं, अंगावर कोळिष्टकं आली तरी शुद्ध नाही. आत स्पोर्ट्स कार होती. दोन सीटची, लांब नाकाची, इतकी बुटकी की तिच्यात बसायचं नाही, तिच्यात उतरायचं. चारही टायर बसलेले. कापडी टपाच्या चिंध्या. सीटमध्ये उंदरांनी संसार केलेला. रंग म्हणाल तर उडालेला, धुऊन धुऊन विटलेल्या रुमालासारखा गुलाबी. पण आकार असा, की धाकट्याने मडगार्डवर हात ठेवला आणि तळवा पुढच्या दिव्यापासून मागच्या चाकापर्यंत कुठेही न अडखळता गेला. त्याने आयुष्यात शेकडो गाड्यांवर हात फिरवलाय. असं आजवर झालं नव्हतं.

"ती मोडकी आहे," मागून बाई म्हणाल्या. "हात कापून घेशील."

"बाई, ही कुणाची?"

"कुणाची म्हणजे? माझ्या अंगणात आहे ती माझीच ना."

"तुम्ही चालवायचात?"

"नाही, मी हिच्यावर टायपिंग करायचे," बाई म्हणाल्या. "चालवायचेच. घाटात माझ्या पुढे कोणी जात नसे. आता बंद होऊन किती वर्षं झाली, कोण मोजतंय."

इथे, अगदी इथेच, धाकट्याने विचारायला हवं होतं, की बाई, मला द्याल का? चार शब्द. पण ते काही तोंडातून निघेनात. का, तर एकाच क्षणात त्याच्या डोक्यात पुढचा सगळा सिनेमा सरकून गेला. गाडी मिळाली, तर ती चालू करावी लागणार. चालू करायची, तर इंजिन. आणि इंजिन म्हटलं की थोरला. थोरला येणार, बॉनेट उघडणार, कान लावणार, दोन बोटं फिरवणार, आणि संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली म्हणणार, थोरल्याने काय गाडी शोधून काढली बघा. नको. आधी आपण काहीतरी विचार करू, मग बोलू. असं म्हणून तो गप्प बसला.

गप्प बसला, पण हाताला कुठे गप्प बसता येतं? पुढच्या मडगार्डवर, दिव्याच्या जरा मागे, त्याने रबिंग कंपाउंडचं बोट लावलं, फडकं घेतलं आणि तळहाताएवढी जागा घासून काढली. फक्त बघायला. विटलेल्या गुलाबीखालून लाल वर आला. अजून घासलं. ओल्या ओठांसारखा लाल. त्यात त्याला स्वतःचं नाक दिसायला लागलं.

पुढचे आठ दिवस त्या गेटाने जे लाड पाहिले ते कुठल्या गेटाने पाहिले नसतील. दुसरा हात, तिसरा हात, बिजागऱ्यांना वेगळा हात. बायको म्हणाली, "गेट रंगवतोयस की त्याचं लग्न लावतोयस?"

"बाई चोखंदळ आहेत."

"बाईंनी मला काल रस्त्यात विचारलं, तुझ्या नवऱ्याला दुसरं काम नाही का."

धाकट्याचं आपलं चालूच. रोज अर्धा तास गेटाशी आणि दोन तास शेडमध्ये. फळ्या हलवल्या, पानं काढली, उंदरांना घर खाली करायला लावलं. सातव्या दिवशी त्याने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि दाराच्या आतल्या कडेला, बंद केल्यावर दिसणार नाही अशा जागी, पॉलिश पेपर ओला करून हळूहळू घासलं. रंगाऱ्याची ही सवयच असते. तिरपं घासत गेलं की आजवर मारलेले सगळे थर गोल गोल वर्तुळांत उघडे पडतात, कापलेल्या झाडाच्या खोडासारखे. बाहेर लाल. त्याच्या आत राखाडी प्रायमर. आणि त्याच्याही आत हिरवा.

पण कसला हिरवा. तळ्याच्या तळाशी काचेची बाटली पडलेली असते आणि वरून ऊन जातं, तसा. धाकटा उकिडवा बसून बघत राहिला, पाय झोपले तरी. हा रंग त्याने कुठल्याच डब्यात, कुठल्याच कार्डावर पाहिला नव्हता. मग त्याने दार अलगद लावलं. त्याला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, की जगात एक तरी गोष्ट अशी आहे जी फक्त आपल्याला माहीत आहे आणि थोरल्याला नाही.

नवव्या दिवशी रविवार. सगळे सासूबाईंकडे जेवायला. थोरला पंख्याखालच्या खुर्चीत, धाकटा दारालगतच्या स्टुलावर, नेहमीसारखं. भात वाढता वाढता सासूबाईंनी थोरल्याला विचारलं, "आज गाल एवढे का फुललेत तुमचे?" आणि थोरला म्हणाला, "आई, आपल्या गल्लीत स्पोर्ट्स कार आहे, तुम्हाला माहितेय?"

धाकट्याचा घास हातातच.

"काल संध्याकाळी स्कूटरवरून येत होतो," थोरला सांगत होता, रंगात आला होता. "टायपिंगच्या बाईंच्या गेटासमोर ऊन तिरपं पडलेलं, आणि मागच्या शेडमध्ये काहीतरी चमकलं. असं चमकलं, की मला वाटलं आरसा आहे. आत गेलो तर काय. गाडी. तळहाताएवढाच तुकडा चमकत होता, बाकी सगळी धूळ. म्हटलं हे कुणी केलं?"

सगळ्यांनी धाकट्याकडे बघितलं.

आता बघा, दुसऱ्या कुणी ती जागा घासली असती तर नंतर वर धूळ टाकली असती, फडकं टाकलं असतं, निदान फळी पुन्हा आडवी लावली असती. पण रंगारी काय करणार? स्वतःच्या हाताने आणलेली चमक स्वतःच्या हाताने झाकायची? आठ दिवसांत त्याला ते सुचलंसुद्धा नव्हतं. उलट रोज जाता जाता तो एकदा फडकं मारून जायचा.

"तुला माहीत होतं?" बायकोने विचारलं.

"मी गेट रंगवत होतो," धाकटा म्हणाला.

"आठ दिवस?" ताई म्हणाली, म्हणजे थोरल्याची बायको. "आणि आम्हाला एक शब्द नाही?"

"जाऊ दे गं," थोरला हसत म्हणाला, "त्याला काय, रंग दिसला असेल, गाडी दिसलीच नसेल." सगळे हसले. सासूबाईसुद्धा. धाकट्याने घास गिळला, तो कुठून गेला त्याला कळलं नाही.

थोरल्याने त्याच संध्याकाळी बाईंना विचारलं. सरळ. "बाई, ही गाडी मला द्याल का?" आणि बाई म्हणाल्या, "शेड पाडायचीच आहे मला. भंगारवाल्याला देणार नाही, त्याने हिला आडवं टाकून नेलेलं मला बघवणार नाही. ज्याला हवी त्याने ती तिच्याच चाकांवर, तिच्याच इंजिनवर, ह्या गेटातून बाहेर काढायची. मग त्याची." आणि वर म्हणाल्या, "मला वाटलं तो रंगवाला विचारेल. रोज येऊन बसायचा. पण त्याने विचारलंच नाही."

हे थोरल्याने धाकट्याला येऊन सांगितलं, अगदी निर्मळ मनाने, खांद्यावर हात ठेवून. त्यापेक्षा थोबाडीत मारलेली परवडली असती.

पुढचे तीन आठवडे थोरला काम संपलं की बाईंच्या अंगणात. टाकी उतरवली, कार्ब्युरेटर खोलून ताटात मांडला, टायर चढवले. गल्लीतले लोक गेटाशी उभे राहून बघायचे. ज्या गेटाला धाकट्याने तीन हात दिले होते, त्याच्यावर कोपर टेकवून बघायचे. कुणी म्हणत नव्हतं गेट छान झालंय. धाकटा रोज ठरवायचा, आज तिकडून जायचं नाही, आणि रोज जायचा, कधी चहापत्ती आणायला, कधी काडेपेटी. त्याच्या घरात तेव्हा काडेपेट्यांचा ढीग झाला होता. मनातल्या मनात तो एकच गोष्ट मागायचा, की इंजिन जाम निघू दे. सगळं जाम. गंजून एक लाकडाचा ओंडका होऊ दे.

एका शनिवारी सकाळी गाडी खोकली. मग शिंकली. मग असा आवाज आला, की शेडवरचा वेल थरथरला. थोरला सीटवर उंदराच्या गादीत बसून हसत होता, बाई दारात ताठ उभ्या होत्या, आणि गेटातून गाडी बाहेर आली, निळा धूर सोडत, स्वतःच्या चाकांवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकट्यानेही वाजवल्या. सगळ्यांच्या आधी त्यानेच थांबवल्या.

"घे," त्या दिवशी दुपारी थोरल्याने गाडी मागच्या दाराने त्याच्या शेडमध्ये आणून लावली. "माझं झालं. आता तुझं काम. लाल मार, भडक, दुरून दिसली पाहिजे. तू ती जागा घासली होतीस ना, तसा."

"तसा," धाकटा म्हणाला.

"काय रे, तोंड का उतरलंय?"

"थिनरचा वास. डोकं चढतं."

"तुला इतकी वर्षं झाली, अजून चढतं?"

"आजच चढलंय, साडूभाऊ."

थोरला गेला. धाकटा गाडीसमोर पालथ्या बादलीवर बसला. ज्या गाडीवर पहिला हात आपला पडला, तिला आता आपण स्वतःच्या हाताने नटवायचं आणि साडूच्या दारात नेऊन उभी करायची. मनात काय काय येऊन गेलं सांगू? लालच मारू, पण असा पातळ की सहा महिन्यांत पोपडे निघतील. प्रायमर न घासताच मारू. मग वाटलं, शी, लोक म्हणतील रंग कुणी मारला. तेवढ्यापुरतं बरं आपलं नाव घेतील.

सगळ्या गाडीला कागद घासून, खड्डे भरून, काचांना टेप लावून झालं, आणि लाल रंग डब्यात ढवळून तयार होता, तेव्हा बाई आल्या. काठी न घेता, चालत. म्हणाल्या, "रंग लावण्याआधी एकदा बघते." गाडीभोवती फिरल्या. डब्यात डोकावल्या.

"पुन्हा लाल," म्हणाल्या.

"साडूभाऊंना लाल हवाय."

"मारा. माझी थोडीच आहे आता." बाई बादलीवर बसल्या, ताठ. "मी घेतली तेव्हा हिरवी होती ही. दुधाच्या गाडीने दार घासलं एकदा. ह्याच दाराला. मग तो हिरवा शोधत शहरभर हिंडले. पाच रंगारी केले, प्रत्येकाने दार बाहेरून रंगवून बघितलं. एकाने पोपट केला हिचा, एकाने साबणाची वडी. एकाने तर शाळेचा बाक करून दिला. शेवटी वैतागून म्हटलं, मारा लाल. आणि लाल मारल्यावर चालवावीशीच वाटेना बघ. कुणाच्या तरी चपला घालून फिरल्यासारखं. मग एक दिवस लावून ठेवली ती ठेवलीच." आणि मग एकदम, "तू वाकून का बसलायस?"

धाकटा सरळ बसला. ड्रायव्हरच्या दाराची आतली कड त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. ती त्याने घासायची मुद्दाम सोडली होती. दार उघडून दाखवलं असतं, तर झालं होतं. त्याने नाही उघडलं. बाई गेल्या तरी नाही.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. हिरव्याचंही. तिने भाजी चिरता चिरता ऐकून घेतलं.

"मग मार ना हिरवा. बाईंना आनंद होईल."

"आणि गाडी कुणाची? लोक म्हणतील काय? थोरल्याची हिरवी गाडी. मी माझ्याजवळची एकच गोष्ट, तीही त्यालाच देऊ?"

"नको देऊस. लाल मार. मग तर सगळीच त्याची. इंजिनही त्याचं आणि रंगही त्याने सांगितलेला."

धाकटा थांबला. हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. लाल मारला तर गाडी नखशिखांत थोरल्याची. हिरवा मारला, तर निदान कातडी आपली. ती कातडी थोरल्याला विकत आणता येणार नाही, खोलून ताटात मांडता येणार नाही, कान लावून कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडमध्ये शिरला आणि आतून कडी लावली. हिरवा, पिवळा, काळा, पांढरा. थेंब थेंब. पत्र्याच्या तुकड्यावर बोटभर लावायचं, वाळू द्यायचं, दाराच्या कडेशी धरायचं, खिडकीतल्या उन्हात नेऊन बघायचं, सावलीत बघायचं. पहिला झाला पोपट. दुसरा झाला साबण. तो आपल्याशीच हसला, म्हणजे बाईंचे पाचही रंगारी इथवर आले होते. दोन दिवस गेले, पत्र्याचे चाळीस तुकडे भिंतीला लागले. प्रत्येक हिरवा जवळ यायचा आणि जरा जास्तच जिवंत निघायचा, डोळ्यात घुसायचा. तिसऱ्या दिवशी चिडून त्याने काडेपेटीतली एक काडी घेतली, लालच्या डब्यात टेकवली आणि तिच्या टोकाला आला तेवढा लाल त्या हिरव्यात ढवळला. हिरव्यात लाल कोण घालतं? पण वाळल्यावर तो तुकडा दाराच्या कडेशी धरला आणि तुकडा कुठे संपतो आणि कड कुठे सुरू होते ते त्याला बोटाने चाचपून बघावं लागलं.

किती थेंब कशाचे, ते त्याने लिहून ठेवलं नाही. पाठ केलं. भिंतीवरचे चाळीस तुकडे थिनरने पुसून टाकले.

गाडी शेडबाहेर काढली तेव्हा थोरल्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "लाल सांगितला होता ना मी?"

"खालून हा निघाला," धाकटा म्हणाला. "मूळचा."

थोरला रागवायला गेला खरा, पण रागावता रागावता एक पाऊल मागे सरला आणि गाडीकडे बघतच राहिला. तेवढ्यात बाई आल्या. दाराजवळ गेल्या, हात पुढे केला, मध्येच थांबवला. "वाळलाय का?"

"वाळलाय."

मग त्यांनी सगळी बोटं टेकवली, दहाच्या दहा, मनगटं वर. बराच वेळ. जाताना धाकट्याला म्हणाल्या, "सहावा." एवढंच. आणि गेल्या.

हे छान झालं म्हणता? मग पुढे ऐका. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत, थोरल्याची हिरवी गाडी पाहिलीत का. थोरल्याने रंग काय निवडलाय. सासूबाईंना थोरला फिरवून आणतो, त्या डोक्याला स्कार्फ बांधून बसतात, परत येऊन म्हणतात, थोरल्याला नजर आहे हो. धाकटा खिडकीत. गाडी वळणावरून गेली की तिच्या कुशीवर सगळी गल्ली उलटी तरंगत जायची, घरं, खांब, माणसं, सगळं हिरव्या पाण्यात. त्याच्या रंगात. आणि आत थोरला.

एकदा थोरल्याने विचारलं, "डबीत थोडा रंग दे ना भरून. कुठे लागलं-बिगलं तर."

"उरला नाही," धाकटा म्हणाला. त्याच्या पलंगाखाली अर्धा डबा होता, झाकणाला वरून टेप मारलेला.

त्या दिवसापासून थोरला गाडी चालवायचा ते अंग चोरून. झाडाखाली लावायची नाही, भिंतीशी लावायची नाही, कुणी हात लावला की ह्याचा जीव वर. आणि धाकटा रस्त्यातला प्रत्येक टोकदार दगड मोठ्या आशेने बघायचा. एक महिना गेला. ओरखडा नाही. थोरला इतका जपून चालवत होता, की गाडी शेडमध्ये परत येण्याचं काही लक्षणच नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी थोरला आला आणि किल्ली पुढे केली. "चल, तू चालव आज. तुमची ताई म्हणाली, त्याने अजून एकदाही चालवली नाही, तुला काही वाटतं का." थोडा खजील झाला होता. "माझ्या लक्षातच आलं नाही, खरंच."

धाकटा बसला, म्हणजे उतरला. थोरला शेजारी. इंजिन गुरगुरलं. तो गल्लीतून निघाला, मोठ्या रस्त्याला लागला, गावाबाहेरच्या चढावर गेला. लांब हिरवं नाक पुढे, त्याच्यावर आभाळ सरकतंय. थोरला म्हणाला, "तिसऱ्यात टाक," त्याने टाकला. थोरला म्हणाला, "मस्त चालवतोस की." ते ऐकलं आणि त्याच्या मनात आलं, संपलं. अर्धा तास. आता परत जायचं, किल्ली द्यायची, खिडकीत बसायचं.

परतताना गल्लीच्या तोंडाशी तो हळू झाला. तिथे एका बाजूला विजेचा खांब, दुसऱ्या बाजूला गॅरेजची भिंत, प्लास्टर न केलेली, थोरल्याच्या बाजूला. मधे गाडी जाईल एवढी जागा.

"भिंत," थोरला म्हणाला.

"दिसतेय."

"अरे भिंत, भिंत."

"दिसतेय म्हटलं ना."

काडेपेटीवर काडी ओढावी तसा आवाज झाला. लांबलचक. धाकट्याने ब्रेक दाबला, गाडी बंद केली.

थोरल्याला आपल्या बाजूने उतरता येईना, तो धाकट्याच्या बाजूने, गिअरवरून पाय टाकत, कसाबसा बाहेर आला. धाकट्याने गाडी हातभर मागे घेतली. दोघं उकिडवे बसले. दारावर वीतभर ओरखडा, राखाडी प्रायमरपर्यंत गेलेला.

"अरेरे," धाकटा म्हणाला.

थोरल्याने भिंतीकडे बघितलं. मग खांबाकडे. खांबाच्या बाजूला दीड हात मोकळी जागा होती. मग त्याने धाकट्याकडे बघितलं, बराच वेळ, एखाद्या इंजिनकडे कान लावून बघतो तसं.

"किती दिवस?"

"आठ."

"दाराला एवढंच ओरखडलंय. दोन दिवसांचं काम आहे."

"रंग नव्याने बनवावा लागेल ना. उरला नव्हता."

"आणि उरला असता तर?"

धाकट्याने ओरखड्यावर अंगठा फिरवला. "तरी आठ."

थोरला उठला, गुडघे झटकले. किल्लीसाठी हात पुढे केला, मग मागे घेतला. "राहू दे तुझ्याकडे. शेडमध्ये मागेपुढे करायला लागेल."

"लागेल."

"मधे कधी चालवलीस तर तेल बघत जा. पितं जरा."

"बघेन, साडूभाऊ."

थोरला पायी निघाला. गल्लीच्या त्या टोकापर्यंत जाताना त्याने तीनदा मागे वळून गाडीकडे बघितलं. धाकट्याने मोजलं.